फुलस्केप: टोपी कुणाची, कागद केवढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या तुमच्या मराठी मंडळाच्या कथास्पर्धेच्या पत्रकात वर्षानुवर्षं एक ओळ चालत आली आहे: ‘कथा फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात लिहावी, कमाल आठ पाने.’ यंदा एका मुलीनं विचारलं, फुलस्केप म्हणजे कोणता कागद आणि ए-फोर चालेल का? त्यावरून समितीत वाद झाला. एका काकांचं म्हणणं, ‘फुल-स्केप’ म्हणजे पूर्ण आकाराचा कागद, त्यात विचारायचं काय. दुसऱ्या सभासदांनी कुठंतरी वाचलं होतं की हा शब्द मूर्खाच्या टोपीवरून आला. ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेवटी कुणीतरी खजुरी बाजारात जाऊन फुलस्केप मागितला, तर दुकानदारानं लीगल मापाच्या कागदाचा गठ्ठा हातात ठेवला. आता तुम्हाला शब्दाचा अर्थ आणि उगमही हवा आहे, आणि पत्रकात काय छापावं हेही.

आमच्या घरचा छापखाना होता. कागदाची खरेदी, कटिंगचा हिशेब आणि आलेल्या हस्तलिखिताची छापील पानं किती होतील याचा अंदाज ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून सांगते. टोपीवाले सभासद बरोबर आहेत, त्यांना तसं कळवून टाका. पण तुमचा घोळ उगमामुळे झालेलाच नाही. फुलस्केप या एका शब्दाखाली आपल्याकडे निदान चार गोष्टी खपतात. एक, कागदाच्या पोटातली खूण. दुसरी, एका मोठ्या तावाचं माप. तिसरी, त्या तावाच्या अर्ध्याचं माप. आणि चौथी, कुठलाही लांबट आखीव कागद, मग माप काहीही असो. समितीतला प्रत्येक जण यातला वेगळा अर्थ मनात धरून बोलतो आहे.

खुणेपासून सुरुवात करते, कारण तीच मजेची आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘फूल्स-कॅप’. यातला फूल म्हणजे युरोपातल्या दरबारात पदरी ठेवलेला विदूषक. त्याची टोपी ठरलेली असायची: दोन-तीन लोंबती टोकं आणि टोकांना घुंगरू. पंधराव्या शतकापासून युरोपातल्या काही कागदांत ही टोपी, किंवा टोपी घातलेलं विदूषकाचं डोकं, जलचिन्ह म्हणून सापडतं. कागदाला नाव पडलं ते या चिन्हावरून. कागद मूर्खांसाठी होता किंवा त्यावर लिहिणारा मूर्ख समजला जायचा, असं काही नाही.

जलचिन्ह म्हणजे काय हे बघायला इंदूरकरांना लांब जायला नको. खिशातली नोट उजेडात धरा, कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसेल. नोटांचा कागद बनवणारी सिक्युरिटी पेपर मिल नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला आहे, आणि नोटा छापणारी बँक नोट प्रेस तर शेजारी देवासलाच. तो चेहरा शाईनं छापलेला नसतो, कागद बनतानाच आत उतरलेला असतो. हातकागदाच्या काळात हे काम फार साधं होतं. चिंध्या कुटून केलेला लगदा हौदात पाण्यात कालवलेला असायचा. कारागीर तारेच्या जाळीचा चौकटीचा साचा त्यात बुडवून आडवा उचलायचा. पाणी खाली गळून जायचं आणि जाळीवर लगद्याचा पातळ थर राहायचा, तोच कागद. आता त्या जाळीवर तारेचंच वळवलेलं एक चित्र शिवून टाकलं, तर तारेच्या जागी थर किंचित पातळ बसतो. कागद वाळल्यावर एरवी काही दिसत नाही, उजेडात धरला की तेवढ्या रेषा उजळ दिसतात. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद्यांनी तेराव्या शतकात ही युक्ती सुरू केली आणि मग ती युरोपभर पसरली.

या खुणा म्हणजे कारखानदाराची सही. कुणाचं बैलाचं डोकं, कुणाचा हाताचा पंजा, कुणाचा मुकुट, कुणाचं मडकं, कुणाचं टपालवाल्याचं शिंग, तशीच कुणाची विदूषकाची टोपी. पण बाजार सगळीकडे सारखाच. एखाद्या खुणेचा कागद चांगला खपतो म्हटल्यावर दुसऱ्यांनी तीच खूण आपल्या साच्यावर शिवायला घेतली. असं होता होता खूण एका कारखान्याची राहिली नाही, ती कागदाच्या जातीची आणि पुढे मापाची झाली. इंग्लंडमधल्या कागदांची जुनी नावं यातूनच आली: मुकुटावरून क्राऊन, मडक्यावरून पॉट, शिंगावरून पोस्ट. आपल्या मराठी प्रकाशकांच्या तोंडी ‘क्राऊन’ अजून आहे. पुस्तक क्राऊन की डेमी, हा प्रश्न छापखान्यात पहिल्यांदा विचारला जातो. डेमी मात्र खुणेवरून आलेलं नाही, त्याचा अर्थ नुसता ‘अर्धा’.

आता माप. इंग्लंडमध्ये फुलस्केप म्हणून जो ताव स्थिरावला तो १७ × १३½ इंचांचा. हाताने काढलेल्या कागदांची मापं फार मोठी नसायची याचं कारण उघड आहे. साचा ओल्या लगद्यासकट दोन्ही हातांनी उचलायचा असतो, तेव्हा हात जितके फाकतील आणि मनगटं जितकं वजन पेलतील, तेवढाच कागद. पुढे एकोणिसाव्या शतकात यंत्रावर सलग पट्टा निघायला लागला, साच्याचं बंधन गेलं. टोपी तर त्याच्याही आधी मागे पडली होती, तिच्या जागी याच मापाच्या इंग्रजी कागदात बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक मानलेली स्त्री, दिसायला लागली. तरी नाव टोपीचंच राहिलं. गिऱ्हाइकाला नाव पाठ झालं की कारखानदार ते बदलायच्या भानगडीत पडत नाही.

काकांच्या ‘पूर्ण आकार’ या म्हणण्यातली गंमत इथे आहे. आपण ज्याला फुलस्केप म्हणतो तो पूर्ण ताव नसतोच. १७ × १३½ चा ताव मधोमध दुमडला की ८½ × १३½ इंचांची दोन पानं होतात. इंग्रजीत या दुमडलेल्या मापाला फुलस्केप फोलिओ म्हणायचे. बोलताना फोलिओ गळून पडला आणि अर्ध्या कागदालाच फुलस्केप नाव राहिलं. म्हणजे शब्दात ‘फुल’ नाही आणि वस्तूही अर्धी. आमच्याकडे गिरणीतून येणारा माल डबल फुलस्केप असायचा, १७ × २७ इंचांचा. कटिंग मशीनवर एक उभा आणि एक आडवा काप घातला की त्यातून लिहायच्या मापाचे चार कागद निघतात, आणि कातरण जवळजवळ काहीच जात नाही. छापखान्यांना हे माप आवडायचं ते म्हणून.

उगमाच्या दोन कथा तुम्हाला आणखी कुणीतरी ऐकवेल, त्या आधीच निकालात काढते. पहिली अशी की १६४९ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यावर राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या लोकांनी सरकारी कागदातलं राजचिन्ह काढून, राजाचा अपमान म्हणून, विदूषकाची टोपी घातली. गोष्ट झकास आहे, पण ही टोपी त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच्या कागदांत मिळते, तेव्हा तिथेच ती संपते. दुसरी जरा पंडिती वळणाची: मूळ शब्द इटालियन ‘फोल्यो कापो’, म्हणजे मुख्य ताव, आणि त्याचा अपभ्रंश फुलस्केप. ध्वनी जुळतात खरे, पण असा कागद इटलीत त्या नावानं विकला गेल्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. इकडे टोपीचं चित्र प्रत्यक्ष कागदात डोळ्यांना दिसतं. नुसत्या ध्वनिसाम्यावर उभ्या केलेल्या व्युत्पत्तीपेक्षा मला वस्तूत दिसणारी खूण जास्त भरवशाची वाटते, आणि काकांची ‘फुल-स्केप’ ही व्युत्पत्तीसुद्धा याच ध्वनिसाम्याच्या जातीची आहे. अनोळखी शब्द कानावर पडला की आपण तो ओळखीच्या तुकड्यांत तोडतो. फूल्स आणि कॅप असा न तोडता लोकांनी तो फुल आणि स्केप असा तोडला. इतका, की दुकानांच्या पाट्यांवर आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवरही इंग्रजी अक्षरांत तसंच लिहिलेलं सापडतं.

मग पत्रकात ‘फूल्सकॅप’ असं सुधारून छापायचं का? माझं मत, मुळीच नाही. हॉस्पिटलचं इस्पितळ झालं तसा हा शब्द मराठीत येऊन फुलस्केप झाला आणि आता तो आपला आहे. व्युत्पत्ती माहीत असावी, पण ती लोकांच्या उच्चारावर लादू नये. ‘फूल्सकॅप’ छापलंत तर आणखी चौघं फोन करतील की हा कुठला नवीन कागद काढला.

कागदाच्या बाबतीत आपण तसेही सगळ्या जगाचे शब्द गोळा केले आहेत. ‘कागद’ फारसीतून आला. ‘पेपर’ नाईलकाठच्या पपायरस नावाच्या लव्हाळ्यावरून आला, आणि मराठीत येऊन त्यानं वर्तमानपत्र आणि परीक्षा अशी दोन भलतीच कामं पत्करली. ‘रीम’ मूळ अरबी रिझ्मा, म्हणजे गठ्ठा. तो स्पेनमार्गे इंग्लंडला गेला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. २४ तावांचा दस्ता, २० दस्त्यांची रीम, म्हणजे ४८० ताव हा जुना हिशेब. आता गठ्ठ्यावर ५०० लिहिलेलं असतं. जुन्या मंडळींनी ‘अर्धा दस्ता फुलस्केप’ म्हटलं तर बारा ताव समजायचे, मग ते कुठल्या का मापाचे असेनात.

आणि खरा गोंधळ आहे तो या चौथ्या अर्थाचा. आपल्या पिढीला फुलस्केप म्हटल्यावर माप आठवतच नाही. आठवतो तो डावीकडे लाल समासाची उभी रेघ आणि खाली निळ्या आडव्या रेघा असलेला लांबट कागद, बहुतेक वेळा दुमडलेला, चार पृष्ठांचा. शाळेत निबंधाला तोच, बँकेत अर्जाला तोच, शिवलेला असला तर फुलस्केप वही. म्हणून तुमच्या समितीत कुणी फुलस्केप म्हणजे आखीव असं धरून चाललं असेल, तर त्याचंही चूक नाही. वापरानं शब्दाला तो अर्थ आलेला आहे. मात्र आखीव कागदांची मापं एकसारखी नसतात. माझ्या हाताखालून गेलेल्या मालात उंची १३ इंचांपासून १३½ पर्यंत आणि रुंदी ८ पासून ८½ पर्यंत बदलायची, आणि सगळ्यांवर नाव एकच. गिरणीचा ताव केवढा होता आणि आखणाऱ्यानं कुठं कापला, यावर ते अवलंबून असायचं.

तुमच्या माणसाला लीगल का मिळाला, तेही यातच आलं. लीगल हे अमेरिकी माप, ८½ × १४ इंच, म्हणजे २१६ × ३५६ मिलिमीटर. रुंदी फुलस्केपएवढीच, उंची फक्त अर्धा इंच जास्त. झेरॉक्स मशीन आली तेव्हा हे दोन्ही कागद एकाच ट्रेमध्ये जायला लागले आणि दुकानदाराच्या दृष्टीनं दोन्ही ‘लंबा कागद’ झाले. आपल्याकडे काउंटरवर बोलणं हिंदीत होतं, ‘भिया, लंबावाला दे दो’ म्हटलं की जो हाताशी असेल तो मिळतो. त्यात त्याचा काही डाव नाही. तुम्ही नावावर जाऊ नका, वेष्टनावरचे आकडे वाचा. २१५ × ३४५ मिलिमीटर असेल तर तो फुलस्केप. असे गठ्ठे ‘एफएस’ अशा खुणेनं मिळतात. ३५६ दिसला तर लीगल. २१० × २९७ तर ए-फोर. आणि आणलेला लीगल परत करायला जायचं जिवावर आलं असेल तर कुठल्याही बाइंडरकडे न्या, उंचीत अर्धा इंच कापला की फुलस्केप तयार.

आता तुमच्या पत्रकातल्या ओळीकडे येते. ही ओळ कुणी उगीच लिहिलेली नाही, ती खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून करायच्या छपाईतून आली आहे. फुलस्केप का? तर सगळ्यांची हस्तलिखितं एका मापाची आली की मजकूर मोजता येतो. कुणी पोस्टकार्डाएवढ्या चिठोऱ्यांवर आणि कुणी हिशेबाच्या वहीवर कथा पाठवली तर अंकाची पानं ठरवणं मुश्कील. एका बाजूसच का? तर हस्तलिखित जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांना, वाटून द्यायचं असायचं. पहिली दोन पानं एकाला, पुढची दुसऱ्याला. पाठीमागेही लिहिलेलं असेल तर एक जुळारी पान उलटेपर्यंत दुसऱ्यानं काय करायचं? शिवाय पातळ कागदावर फाउंटन पेनाची शाई पाठीमागे उमटायची आणि जुळाऱ्याला काना-मात्रा ओळखू यायच्या नाहीत. समास सोडायचा तो संपादकाला दुरुस्त्या करायला जागा म्हणून. साप्ताहिकांनी आणि दिवाळी अंकांनी हा नियम छापला आणि स्पर्धांनी तो तसाच उचलला. आता जुळारी राहिले नाहीत. तुमच्या कथा परीक्षक वाचणार आणि कुणीतरी संगणकावर टाइप करणार. त्यामुळे एका बाजूचा आग्रह ठेवायचा की नाही हे हस्तलिखितांच्या पुढे तुम्ही काय करणार यावर अवलंबून आहे. स्कॅन करून परीक्षकांना पाठवणार असाल तर ठेवा, कागद स्कॅनरच्या फीडरमधून एका दमात जातात आणि मागची अक्षरं पुढे डोकावत नाहीत. परीक्षक कागदच हातात घेऊन वाचणार असतील तर तो नियम गेला तरी चालेल.

‘आठ पाने’ ही त्याहून निसरडी गोष्ट. पान म्हणजे एक बाजू की दोन्ही? छापखान्यात आम्ही बाजूला पृष्ठ म्हणायचो, पण बोलण्यात पान दोन्हींना चालतं. दुमडलेला फुलस्केपचा ताव घेतला तर त्याला कुणी एक कागद म्हणेल, कुणी दोन पानं, कुणी चार. तुमच्याकडे आलेल्या जुन्या कथा चाळून बघा, एकाच नियमात कुणी आठ पृष्ठं भरली असतील आणि कुणी सोळा, आणि दोघंही स्वतःला नियमात समजत असतील.

म्हणून मर्यादा शब्दांत घाला. आठ पृष्ठांत किती शब्द होतात याचा हिशेब मी असा करायचे. आखीव फुलस्केपवर साधारण तीस ते पस्तीस ओळी येतात. समास सोडून मध्यम अक्षरात मराठीचे एका ओळीत आठ ते दहा शब्द बसतात. इंग्रजीचा ठोकताळा इथे लावू नका. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटलेले असतात, ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द, त्यामुळे ओळीत शब्द कमी भरतात. तेव्हा पृष्ठाला अडीचशे ते साडेतीनशे, आणि आठ पृष्ठांना दोन हजार ते अठ्ठावीसशे. अक्षर कसं आहे आणि संवाद किती आहेत यावर हा आकडा बराच हलतो. संवादाच्या ओळी अर्ध्या रिकाम्या जातात. हातानं लिहिणाऱ्यांनी स्वतःचे शब्द मोजायचे तर कथेच्या मधल्या एखाद्या पृष्ठावरच्या सलग दहा ओळींतले शब्द मोजावेत, दहानं भागून सरासरी काढावी आणि एकूण ओळींनी गुणावं. अर्ध्या ओळी दोन मिळून एक धराव्या. शंभर-दीडशेचा फरक राहील, तेवढा परीक्षकांनी पोटात घालावा.

ए-फोर चालेल का, याचं उत्तर आता सोपं आहे. चालावाच. हे माप १९२२ साली जर्मनीत ठरलं, वाल्टर पोर्स्टमान यांनी मांडलेल्या पद्धतीवरून, आणि आता अमेरिका, कॅनडा आणि आणखी काही देश सोडले तर जवळजवळ सगळीकडे तेच आहे. त्यामागे एक सुंदर युक्ती आहे. उंची आणि रुंदीचं प्रमाण असं धरलंय, की कागद मधोमध दुमडला तरी ते प्रमाण तेच राहतं, साधारण १.४१. फुलस्केपचं तसं नाही. मोठ्या तावाचं प्रमाण १.२६, दुमडला की १.५९, पुन्हा दुमडला की परत १.२६, म्हणजे एकदा बसकट, एकदा उभट. त्यामुळे फुलस्केपवरचा मजकूर लहान करून छापायचा म्हटलं की कडेला नको तेवढी कोरी जागा सुटते. ए-फोरचा ए-फाइव्ह करताना तो प्रश्नच येत नाही. लांब कागदाचा शेवटचा गड म्हणजे कोर्ट, हिरवट लेजर कागदाचे ते लांब अर्ज आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण सर्वोच्च न्यायालयानंही १ एप्रिल २०२० पासून ए-फोर, दोन्ही बाजूंनी छापलेला आणि ७५ जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅमपेक्षा) पातळ नसलेला, असा नियम केला. खालच्या कोर्टात अजून काय चालतं ते त्या त्या ठिकाणी विचारूनच घ्यावं लागतं, पण तुमच्या मंडळाला कोर्टापेक्षा कडक राहायचं कारण नाही.

एवढंच लक्षात ठेवा की ए-फोरचं क्षेत्रफळ फुलस्केपच्या सुमारे ८४ टक्के आहे. ‘आठ पाने’ हा जुना आकडा तसाच ठेवून नुसता कागद बदललात, तर ए-फोरवाल्यांची सव्वा पानाची जागा आपोआप कापली जाईल. आणि टाइप केलेल्या मजकुराला तर पानांची मर्यादा निरर्थकच, कारण देवनागरीचा फाँट बदलला की त्याच आकड्याच्या टायपात एका पानाची सव्वा पानं होतात.

मी असते तर ओळ अशी छापली असती: ‘कथा कमाल २,५०० शब्दांची असावी. हस्तलिखित ए-फोर किंवा फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, सुवाच्य अक्षरात; टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये.’ स्कॅन करणार असाल तर ‘एकाच बाजूस’ हे त्यात घाला. पृष्ठांना क्रमांक घालायला सांगायला मात्र विसरू नका. सुटी पानं एकदा पंख्याखाली उडाली की कुणाची कुठली ते लावताना जीव जातो. फुलस्केप हा शब्द मी मुद्दाम ठेवते आहे. तुमच्या स्पर्धेला ज्येष्ठ मंडळी हातानंच लिहून पाठवणार, आणि त्यांना हा शब्द दिसला की काय आणायचं ते कळतं.

असे लांब कागद आले की दोन गोष्टी सांभाळा. ए-फोरवर झेरॉक्स काढायची तर मशीनवाल्याला ८६ टक्के सांगा, म्हणजे ३४५ मिलिमीटरची उंची २९७ मध्ये बसेल आणि खालची ओळ कापली जाणार नाही. लीगलवर लिहिलेलं असेल तर ८३ टक्के. आणि ठेवायला साधी ए-फोरची फाईल घेऊ नका, खालून दीड-पावणेदोन इंच कागद बाहेर राहतो आणि महिन्याभरात कडा झिजून शेवटच्या ओळी जातात. दुकानात ‘एफसी’ किंवा ‘एफएस’ खुणेची फाईल मिळते, ती मागा, आणि एक कागद सोबत नेऊन आत घालून बघूनच पैसे द्या.